यंदाचा कडबा मी ठरवलाय

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी रागावू नका. यंदाचा कडबा मी मंगळवेढ्याकडून घेतलाय, विसारही देऊन झालाय. हजार पेंढ्या येतील. तुमच्या छातीचं डॉक्टरांनी सांगितल्यावर तुम्हाला गंजी बघत उन्हातान्हात फिरू देणं मला पटलं नाही. तुमचा शब्द मोडायचा नव्हता. पण तुम्ही असता तर जे पाहिलं असतं, ते सगळं पाहूनच घेतलाय.

माल मालदांडी शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा आहे, कोरडवाहू काळ्या रानातला. ताट बोटाएवढं बारीक, पाला ताटाला धरून आहे. पाल्यातच कस असतो. पाला झडून नुसती चिपाडं उरली की जनावर हुंगून बाजूला सारतं. वरच्या पेंढ्या व्यापारी नेहमीच चांगल्या लावतो, म्हणून गंजीच्या मधून आणि तळातून उपसून सोडायला लावल्या. वरून उन्हानं पिवळट दिसल्या, पण ताटाला गुंडाळलेलं पान सोलल्यावर आत हिरवट रंग होता. वास गोडसर, कुबट अजिबात नाही. पेंढी जमिनीवर आपटली तर धुरळा उठला नाही. पाच-सहा ताटं मोडली, आतला गाभा पांढरा निघाला. खडखड्या रोगानं वाळलेलं असतं तर बुडाशी पोकळ झालं असतं आणि आत काळी भुकटी दिसली असती. पानांवर माव्याच्या किडीच्या चिकट्याची काजळीही नाही. दाताखाली धरलं, गोड लागलं. हे तुम्हीच शिकवलंत बाबा, आणि चावलेलं मी गिळीन म्हणून लगेच तोंडातून काढूनही घ्यायचात.

ओल मात्र उतरवून घेतानाही बघायला हवी, कारण वाटेत वळीव गाठू शकतो. पेंढीच्या पोटात हात घालायचा. गरम लागलं तर ती गंजीत जायची नाही, बाजूला सोडून वाळवायची. मूठभर पाला पिळून बघा. चुरचुरला तर वाळलाय, नुसता मऊ पडून वळला तर आत ओल आहे. शंका आली तर कोरड्या बरणीत बारीक कापलेला चारा आणि चमचाभर कोरडं मीठ घालून थोडा वेळ हलवा. मिठाचे गोळे झाले की ओल शेकडा 15 च्या वर, तो चारा लावायचा नाही. ओला रचला की तापतो आणि मग बुरशी धरतो.

काळी किंवा निळसर बुरशी दिसली तर ती पेंढी जनावरांपुढे टाकायचीच नाही. "थोडी झटकून घालू" असं आई म्हणेल, पण आई, तसं नको गं. तांबू गाभण आहे, अशा चाऱ्यानं गाभ पडू शकतो. बुरशीचं विष दुधात उतरतं आणि दूध तापवून ते जात नाही. आणि बाबा, तीच धूळ छातीत गेली की संध्याकाळपर्यंत खोकला, ताप, धाप. तुमच्यासाठी तर ती जास्तच वाईट.

वजनाचंही बघून ठेवलंय. शाळू उपटून काढतात, त्यामुळे मुळाची माती वजनात येते. म्हणून बुडखे झाडून मधल्या दहा पेंढ्या तोलल्या, पंचवीस किलो भरल्या. तुम्हीही गाडीतल्या कुठल्याही दहा तोलून घ्या. कमी भरल्या तर भांडू नका, मला फोन करा, मी बोलते.

गंजी दगड आणि लाकडं टाकून जमिनीपासून फूटभर उंच लावायला सांगितलीय. बुडखे बाहेर, शेंडे आत, माथ्याला उतार. ताडपत्री फक्त माथ्यावर टाका. चहूबाजूंनी गुंडाळली की आतली वाफ कोंडते. शेजारचा दादा आणि त्याचा पोरगा लावून देतील, पैसे मी देणार आहे. बाबांनी खाटेवर सावलीत बसून फक्त सांगायचं. गंजीवर चढायचं नाही म्हणजे नाही!

कुट्टी मशीनला मोटर बसवून घेतलीय. इंचभराची कुट्टी करायची, कारण अख्खी ताटं टाकली की बराच चारा पायाखाली तुडवला जातो. आधी प्लास्टिकची सुतळी सोडून गोळा करा, पोटात गेली तर जनावर हकनाक जाईल. कुट्टी दादाच करेल. त्या वेळी बाबा घरात, दार लावून. दावणीत टाकताना थोडं मिठाचं पाणी शिंपडा, धूळ बसते आणि जनावरं आवडीनं खातात.

एका जनावराला दिवसाला सहा-सात किलो पुरे. तीन जनावरांना वीस धरले तर पंचवीसशे किलो चार महिने पुरतात, तोवर हिरवं सुरू होईल. कडबा कितीही चांगला असला तरी त्यात प्रथिनं शेकडा तीन-चारच, म्हणून पेंड आणि लसूणघास बंद करू नका. क्षार मिश्रण मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम. डबा गोठ्याच्या फळीवर ठेवलाय, मापाचा चमचा आतच आहे.

बाबा, पुढच्या वर्षी तुम्हाला बरं वाटलं तर आपण दोघं मिळून बघायला जाऊ, भाव तुम्हीच करा. तोवर वाफ आणि श्वासाचा पंप वेळेवर घ्या. आई, तू त्यांच्यामागे लाग, पण तुझ्या गुडघ्याला तेल लावायचं विसरू नकोस. गाडी गुरुवारी सकाळी येईल. उतरवून झाली की पाच-सहा पेंढ्या सोडून मला व्हिडिओ कॉलवर दाखवा.

तुमची लेक