बालीची बॅग

पुणे, रविवार रात्र

प्रिय मंद्या,

बालीच्या डाइव्हिंगसाठी पलंगभर मांडलेल्या सामानाचा तुझा फोटो बघितला. फोनवर घाईघाईत सांगून भागणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी ते बीसीडी, म्हणजे पाण्यात तरंगणं सांभाळणारं हवेचं जॅकेट, कपाटात परत ठेव. तीन-साडेतीन किलोचं धूड, येताना ओलं राहिलं तर आणखी जड. बालीतल्या तुलांबेन गावी ते भाड्याने सहज मिळतं. शिशाची वजनंही तिकडचीच घ्यायची. टाकीतली हवा तोंडात देणारा तुझा रेग्युलेटर दोन वर्षं सर्व्हिसिंगला गेलेला नाही, तेव्हा त्याचा मोह सोड. नीट देखभाल झालेला भाड्याचा केव्हाही बरा.

मास्क मात्र स्वतःचाच ने, आणि तोही केबिन बॅगेत. मागच्या खेपेला मी माझा चष्म्याच्या नंबरचा मास्क चेक-इनच्या बॅगेत टाकला आणि ती बॅग तिसऱ्या दिवशी हातात पडली. तोवर भाड्याच्या साध्या काचेतून डाइव्ह केले. तुलांबेनला बुडालेल्या लिबर्टी जहाजाच्या सांगाड्यावर ट्रेव्हॅली माशांचा मोठा घोळका फिरत होता, सगळे माना वर करून बघत होते, आणि मला दिसत होता नुसता एक चंदेरी ढग. ती हळहळ अजून गेलेली नाही. तुझा नंबर तर साडेतीन. तारकर्लीला तू शिकलास तेव्हा पाणीच गढूळ होतं, म्हणून चष्म्याची उणीव जाणवली नाही. बालीत जाणवेल.

तेव्हा याच आठवड्यात नंबरच्या काचा बसवून घे. मास्क घेताना पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर टेकव आणि नाकाने हलका श्वास आत ओढ. हात काढल्यावरही तो चिकटून राहिला, तर तुझ्या चेहऱ्याचा. नाकाखालची मिशीची वरची कड थोडी कापून घे, तिथूनच पाणी झिरपतं.

खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटरही हातातल्या बॅगेतच. त्याची बटणं तुझ्या सवयीची आहेत, आणि खाली गेल्यावर अनोळखी यंत्राशी झटापट नको. टॉर्चची बॅटरी काढून वेगळी ठेव, टोकांना चिकटपट्टी लाव. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालतच नाहीत. सुरी न्यायचीच असेल तर ती मात्र चेक-इनमध्ये.

आता बूट. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो: जाड तळव्याचे डाइव्हचे बूट नक्की घे. लिबर्टीला 1942च्या जानेवारीत जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. ओढून आणलेलं ते जहाज तुलांबेनच्या किनाऱ्यावर पडून होतं. 1963मध्ये आगुंग ज्वालामुखी जागा झाला तेव्हा ते पाण्यात सरकलं. म्हणून आजही ते किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे चालतच जायचं असतं. पण किनारा वाळूचा नाही. नारळाएवढे काळे, गुळगुळीत दगड, त्यात पाठीवर टाकी. लाट आली की दगड पायाखालून सरकतात. तिथल्या बायका डोक्यावर टाक्या घेऊन त्याच दगडांवरून चालतात, ते बघून मी थक्क झालो होतो. आपल्या तळव्यांना ती सवय नाही. तुझे अखंड टाचेचे फिन्स, म्हणजे पायातली वल्ही, या बुटांवर बसणार नाहीत, ते राहू देत. पट्ट्याचे तिथे मिळतील.

वेटसूट तुझा तीन मिलिमीटर जाडीचा पुरेल. बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटावर गेलास तर पाणी एकदम गार लागतं, तिथे पाचचा भाड्याने घे. प्रवाहही जोराचा असतो, म्हणून नारिंगी फुगा आणि शिट्टी खिशात हवीच. वजन काहीच नाही, पण होडीवाल्याला तू दिसशील.

आणि परतीचं तिकीट बघ बरं. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसेपर्यंत निदान 18 तास जाऊ देत. तू सकाळचं विमान घेतलं असशील तर आदल्या दिवशी पाण्यात उतरूच नकोस, देवळं बघ.

मास्क लावून बघितलास की फोन कर. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुध्या