'पंचांनी सामना घालवला' एवढेच छापू नका

महोदय,

अटीतटीच्या सामन्यात पंचांचा एखादा निर्णय चुकला की 'पंचांनी सामना घालवला' हा मथळा ठरलेलाच. माझा आक्षेप त्या मथळ्यालाच आहे. त्यासाठी अमेरिकेच्या बेसबॉलमधले सर्वांत बदनाम उदाहरण घेतो.

२६ ऑक्टोबर १९८५, कॅन्सस सिटी. वर्ल्ड सीरिज या अजिंक्यपदाच्या मालिकेचा (चार सामने आधी जिंकेल तो विजेता) सहावा सामना. सेंट लुइस कार्डिनल्स मालिकेत ३-२ ने आणि सामन्यात १-० ने पुढे होते. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात कॅन्सस सिटी रॉयल्सच्या होर्हे ओर्टाने जमिनीलगत चेंडू मारला. फर्स्ट बेसवरच्या (धावपटूने गाठायच्या पहिल्या टप्प्यावरच्या) कार्डिनल्सच्या जॅक क्लार्कने तो उचलून, बेसकडे धावत आलेल्या पिचर (चेंडू टाकणारा) टॉड वॉरेलकडे फेकला. चेंडू ओर्टाच्या आधी बेसवर पोहोचला, म्हणजे तो स्पष्ट आउट होता, पण पंच डॉन डेंकिंजर यांनी सेफ (नाबाद) दिला. या बेसवर पंच नजर खेळाडूच्या पायावर ठेवतो आणि चेंडू ग्लव्हमध्ये बसल्याचा आवाज कानांनी टिपतो. भरलेल्या स्टेडियमच्या गोंगाटात तो आवाज कसा ऐकू यायचा?

निर्णय चुकलाच, त्याची सफाई मी देत नाही. पण पुढे काय झाले ते बघा. स्टीव्ह बाल्बोनीचा उंच उडालेला सोपा झेल क्लार्ककडून सुटला आणि त्याच बाल्बोनीने मग हिट (बेस गाठून देणारा फटका) मारला. पुढच्या बॅटरच्या बंटवर (बॅटने हलकेच ढकललेल्या चेंडूवर) ओर्टा तिसऱ्या बेसवर बाद झाला. म्हणजे ज्याला चुकून सेफ दिले, त्याने धाव काढलीच नाही! नंतर कॅचर (यष्टिरक्षकासारखा खेळाडू) डॅरेल पोर्टरच्या हातून चेंडू निसटला, बेसवर असलेले रॉयल्सचे दोन्ही धावपटू एकेक बेस पुढे सरकले आणि डेन ऑर्गच्या हिटवर दोघांनीही शेवटचा 'होम' बेस गाठून धावा काढल्या. रॉयल्स २-१ ने जिंकले. त्या निर्णयामुळे डावाचा नूर पालटला हे खरेच, पण सुटलेला झेल आणि निसटलेला चेंडू पंचांच्या खात्यावर कसे मांडणार? सातव्या सामन्यात कार्डिनल्स ११-० ने हरले. सात सामन्यांत मिळून त्यांच्या धावा झाल्या फक्त १३.

तरी शिव्याशाप डेंकिंजर यांच्याच वाट्याला आले. सेंट लुइसच्या रेडिओवरच्या दोन निवेदकांनी त्यांचा फोन नंबर आणि घरचा पत्ता जाहीर केला, धमक्यांची पत्रे आली. सामना हरल्याचा राग मी समजू शकतो, पण कुणाच्या घराचा पत्ता जमावाच्या हाती देणे हा निव्वळ नीचपणा आहे. आपल्याकडेही क्रिकेट सामन्यानंतर समाजमाध्यमांवर पंचांच्या बायकामुलांपर्यंत जाणारी भाषा वापरली जाते.

खरा उपाय व्यवस्थेतूनच निघाला. स्वतः डेंकिंजर यांनीही रिप्लेची बाजू घेतली. मेजर लीगमध्ये (अमेरिकेच्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत) २००८ साली फक्त होमरनपुरता (सीमेपार फटक्यापुरता) रिप्ले आला आणि २०१४ पासून असे सेफ-आउटचे निर्णयही तपासता येऊ लागले. शालेय बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या मैदानावर मात्र कॅमेरा नसतो. तिथे बहुतेक वेळा एखादे क्रीडाशिक्षकच भर उन्हात पंच म्हणून उभे असतात, आणि मोठ्यांनी शिकवलेली ओरड त्यांच्यावर होते.

म्हणून विनंती एवढीच, की वादग्रस्त निर्णयाची बातमी देताना त्यानंतरचे चेंडू, सुटलेले झेल आणि वाया गेलेल्या संधीही त्याच बातमीत छापाव्यात.

आपला नम्र,
एक क्रीडाशिक्षक, जळगाव