डिस्क बदलू नकोस, थांब

अंबाजोगाई,
रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

परवा तू फोनवर म्हणालास, "नव्वदच्या पुढं ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायलंय, मेकॅनिक म्हणतो डिस्क बेंड झाली." मी नुसतं 'हं' केलं. मागून वहिनींचा आवाज येत होता, आणि वर्षात दुसऱ्यांदा डिस्क घ्यायचा विषय त्यांच्या कानावर नको म्हटलं.

मीही बेंडच समजत होतो. बीडच्या एका चाचांनी माझ्या डिस्कची जाडी मायक्रोमीटरनं जागोजाग मोजून दाखवली तेव्हा डोकं जाग्यावर आलं. डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती, सहसा वाकत नाही, तिची जाडी सगळीकडं सारखी राहत नाही. दोन शतांश मिलिमीटरचा फरक, केसाच्या निम्माही नाही, पण पायाला कळतो.

हा फरक पडतो कसा? हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क जिथं बसतात त्या भागावर, गंज, माती राहिली किंवा नट कमी-जास्त आवळले, की डिस्क कणभर तिरकी बसते. मग ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात तीच जागा पॅडला, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या ब्रेकच्या गुटक्याला, घासते आणि पातळ होत जाते. थरथर सुरू होते ती काही हजार किलोमीटरनंतर. म्हणजे चोर दिवाळीत येऊन गेला आणि आपण उन्हाळ्यात कुलूप बघायलोय! तुझं दिवाळीतलं पंक्चर आठव. त्या पोरानं एअर गन लावून टर्रर्र करत नट आवळले होते, आपण चहा पीत बघत होतो.

म्हणून आधी हब तारेच्या ब्रशनं घासून घे. नट हातानं लाव, मग समोरासमोरचे आळीपाळीनं आवळ, शेवटी टॉर्क पान्ह्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्ह्यानं. आकडा गाडीच्या पुस्तकात आहे, अंदाजानं नको. मी पान्हा आणला तेव्हा घरात जे ऐकून घेतलं ते भेटल्यावर सांगतो.

दुसरा गुन्हेगार तूच आहेस लेका. सात माणसं, टपावर बोचकी, आणि कन्नडचा घाट चाळीसगावकडं उतरताना पाय सतत ब्रेकवर. जुने ट्रकवाले म्हणायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेक दाबायचा तर ठाम दाबून सोड, घासत राहू नकोस. शिवाय खाली पोचलास की पेडल दाबूनच गाडी उभी करतोस. तापलेल्या पॅडचा थर त्याच जागी डिस्कला चिकटतो, पुढं तिथंच ब्रेक अडकल्यासारखा पकडतो. खाली उतरल्यावर दोन-तीन किलोमीटर हळू चालवून मगच थांब. आणि तापलेल्या चाकांवर पाणी मारू देऊ नकोस, वॉशिंगवाल्याला आधीच सांग.

ब्रेक न दाबताही थरथरत असेल तर बहुधा डिस्कचा दोष नाही, आधी व्हील बॅलन्सिंग बघ. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) पिना हातानं सरकतात का तेही बघ. अडकल्या असतील तर पॅड सुटत नाही, डिस्क तापतच राहते. बहुतेक डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. फेसिंग, म्हणजे डिस्क घासून सपाट केल्यावरही त्याहून जास्त उरणार असेल तर लेथवर काम भागतं, शक्यतो गाडीवरच करणारा शोध. पॅड नवे टाकलेस तर मोकळ्या रस्त्यावर वेग साठवरून वीसवर असं आठ-दहा वेळा आण, पूर्ण न थांबता.

शनिवारी येतो, पान्हा सोबत आणतो. तोवर वहिनींना डिस्कचं काही बोलू नकोस. आणि या वेळी घाट मी उतरवणार, तू मागं पोरांसोबत बस.

तुझाच,
दोस्त