फाटकापासून पन्नास मीटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील स्थूलतेवरील लेख वाचला. मनोनिग्रहाचे महत्त्व मला मान्य आहे. परंतु वाढत्या वजनाचा सारा दोष खाणाऱ्याच्या जिभेवर ढकलून लेखकमहाशय मोकळे झाले, हे पटले नाही. इंग्लंडमधील केंब्रिजशायरच्या पाच हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. घर, कामाचे ठिकाण आणि जाण्यायेण्याची वाट यांच्या आसपास तयार खाद्यपदार्थांची दुकाने ज्यांना सर्वाधिक होती, त्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) सर्वांत कमी दुकाने असलेल्यांपेक्षा सरासरी १.२१ ने जास्त आढळला. अशा पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा बीएमआय २५ ऐवजी २३ वर धरतात, तेव्हा हा फरक किरकोळ मानता येत नाही.

केंब्रिजशायर राहू द्या. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ विद्यार्थ्यांना विकण्यास २०२० च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केली आहे. माझा नातू ज्या शाळेत जातो, तिच्या फाटकासमोर वडापावची गाडी, तिला खेटून चायनीज भेळ आणि पलीकडे वेफर्सच्या माळा लटकवलेली टपरी आहे. डबा सकाळीच संपवलेली, व्हॅनची वाट पाहणारी भुकेली मुले तेथे गर्दी करणार नाहीत तर कोठे करतील? मी शाळेत तक्रार केली, तेव्हा "फाटकाबाहेरचे आमच्या हातात नाही, आजोबा," असे अत्यंत नम्रपणे सांगण्यात आले. त्याच कोपऱ्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या केळीवाल्या मावशींना मात्र रहदारीस अडथळा होतो म्हणून उठवण्यात आले. गाडी बहुधा रहदारीस पोषक असावी! आता त्या मुलांनी मनोनिग्रह करून नेमके काय खावे, हे लेखकांनी सांगितले असते तर बरे झाले असते.

रोज ४५ मिनिटे चालण्याचा त्यांचा सल्लाही उत्तमच आहे. फक्त आमच्या कर्वेनगरात पदपथावर हॉटेलांच्या खुर्च्या आणि ग्राहकांच्या दुचाक्या असल्याने तो कोठे अमलात आणावा, एवढे कळवावे. तसेच त्या लेखाला लागूनच 'एका पिझ्झ्यावर एक मोफत' ही पाव पानाची जाहिरात छापण्यामागे आपला काही वैद्यकीय हेतू असल्यास तोही वाचकांना समजावा, ही विनंती.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, कर्वेनगर, पुणे