बोट की रस्ता, आमचं ठरलंय (जवळजवळ)

प्रिय चिऊ,

नॉर्वेचे तू पाठवलेले प्लॅन वाचले, आईने एकदा आणि मी चार वेळा. फोनवर तू "कुठलाही सांगा, मला चालेल" म्हणालीस खरी, पण आवाजावरून कळलं की तुझा ओढा बोटीकडे आहे आणि त्याचं कारण आमचे गुडघे आहेत. बॅग एकदाच उघडायची, जेवण आयतं, जिने नाहीत, लिफ्ट आहे. सगळं मान्य, रोज नवीन हॉटेलात बॅगा ओढण्याचा मलाही कंटाळा येतो. तरीपण ऐकून घे.

ती मोठी क्रूझ पहिल्यांदा लिस्टमधून काढ. दोन-तीन हजार माणसं एका वेळी उतरणार, आणि लोफोटेन बेटांवर अशी जहाजं बहुतेक लेकनेस बंदराला लागतात, तिथून सगळ्यांना बसमध्ये घालून फिरवून आणतात. बस म्हटलं की आईला आपली मागची टूर आठवते. "वीस मिनिटं आहेत, फोटो काढा," आणि ती वीसच्या वीस मिनिटं हिची बाथरूमच्या लायनीत गेली, तलाव बघितला बसच्या काचेतून. अजून ऐकवते मला, जणू टूर मीच चालवत होतो.

बर्गन ते किर्केनेस जाणाऱ्या किनारी बोटीवर मात्र माझा जीव जडलाय. ती क्रूझ नव्हेच मुळी, ती तिथली एसटी आहे. 34 बंदरं घेते, गावातली माणसं दोन थांब्यांपुरती चढतात-उतरतात, बाजूचं दार उघडून फोर्कलिफ्टने माल खाली जातो, आणि हे सगळं पुष्कळ ठिकाणी पंधरा-वीस मिनिटांत आटपून बोट निघते पण. 1893 साली रिशार्ड विथ नावाच्या कॅप्टनने ट्रॉन्डहाइम ते हॅमरफेस्ट ही सर्व्हिस सुरू केली. त्या खडकाळ किनाऱ्याने अंधारात बोट न्यायला बाकीचे घाबरायचे, पण या बाबाने आणि त्याच्या पायलटने आधीच होकायंत्र आणि घड्याळ घेऊन कुठल्या दिशेला, किती वेगाने, किती मिनिटं जायचं ते सगळं टिपून ठेवलेलं होतं. आई म्हणाली, तुमच्यासारखाच दिसतोय!

तर मीही टाइमटेबलची प्रिंट काढली आणि पेन्सिल घेऊन बसलो. तासाभरापेक्षा जास्त थांबा असेल तिथे गोल करायचा. 34 नावांत गोल कसेबसे मूठभर, आणि त्यातले काही अर्ध्या रात्रीचे. ट्रॉम्सोला जाताना दुपारी चार तास मिळतात पण येताना बोट मध्यरात्रीच्या सुमाराला लागते. लोफोटेनला संध्याकाळी पोचते आणि दहाच्या आसपास निघते. म्हणजे ज्या बेटांसाठी एवढा उद्योग करायचा तिथे आपण धक्क्यावर जरा पाय मोकळे करून परत. शिवाय पूर्ण फेरी 12 दिवसांची, तुझी रजा 10 दिवसांची, तो हिशोब तूच केला नाहीस असं दिसतंय.

म्हणून माझा प्लॅन असा की ट्रॉन्डहाइमहून ट्रेनने बोडो. 729 किलोमीटर, दहाएक तास लागतात, लांब आहे पण बसायचंच तर आहे, आणि वाटेत उजाड पठारावर गाडी आर्क्टिक सर्कल ओलांडते तिथे रुळाजवळ दगड रचून खूण केलेली आहे, ती खिडकीतून दिसते म्हणे, मी झोपलो तर उठव. बोडोहून गाडी भाड्याने घ्यायची आणि गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत चढवायची, तीन-चार तासांत लोफोटेनमधलं मोस्केनेस. हा पट्टा उघड्या समुद्राचा आहे, आईला बोट लागू शकते, गोळी आधी द्यायची, लागल्यावर नाही.

मग तीन रात्री एकाच ठिकाणी, राइनेच्या आसपास, कोळ्यांच्या त्या लाल लाकडी खोल्या असतात ना, रोरबू, त्यातली एक घे. बॅग एकदाच उघडायची हा तुझा मुद्दा इथेपण बसतो बघ. आणि तिथे टूरवाल्यांसारखी कोणी शिट्टी वाजवणार नाही. लाकडी मांडवांवर कॉडमासे जोडी-जोडीने शेपट्या बांधून टांगलेले असतात, मीठ नाही काही नाही, नुसत्या वाऱ्यावर वाळतात. डोकीपण वेगळी टांगतात, ती नायजेरियाला जातात आणि मासा जास्त करून इटलीला. जूनच्या मध्यापर्यंत मांडव रिकामे होत जातात म्हणून रजा पहिल्या आठवड्यातच टाक. वासाबद्दल आईला अजून सांगितलेलं नाही.

तिथून स्वोल्वेर गाव सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, E10 हाच मुख्य रस्ता, अरुंद आहे, मेंढ्या मधे येतात आणि कॅम्पर व्हॅनवाले कुठेही थांबतात, त्यामुळे पूर्ण दिवस धर. गाडी तूच चालव, उजव्या बाजूने चालवायचं म्हटल्यावर मी नकाशा धरून बसेन, आणि हेडलाइट तिथे दिवसापण लावायचे असतात, विसरू नकोस. दुसऱ्या शहरात गाडी सोडली तर ड्रॉपचे ज्यादा पैसे घेतात, बुकिंगच्या आधी तेवढं विचार.

आणि स्वोल्वेरला रात्री दहाला माझी बोट पकडायची! तेवढाच तुकडा, ट्रॉम्सोपर्यंत, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचते. उन्हाळ्यात ती ट्रोलफियॉर्ड नावाच्या चिंचोळ्या खाडीत शिरते, तोंडाशी जेमतेम 100 मीटर रुंद, दोन्हीकडे सरळ कडे आणि आत जाऊन बोट जागच्या जागी वळते. जूनमध्ये सूर्य मावळतच नाही तेव्हा रात्रभर सगळं दिसणार. बंदर ते बंदर तिकिटाला केबिन घ्यावीच लागते असं नाही, म्हणून मी म्हणतो पैसे वाचव, आपण डेकवर बसू.

हे वाचून दाखवलं तर आईने फोनच ओढून घेतला. पुढचं तिचं.

चिऊ, केबिन घे. खिडकीची घे, जाड पडद्याची. यांना बसू दे डेकवर पेन्सिल घेऊन. आणि माशांचा वास येणार हे मला न सांगताच कळलंय, मी काय आज स्वयंपाकघरात आले का?

आई (आणि बाबा)