श्रेय देवाला, फोटो मात्र आपला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की घोडबंदर रोडपासून वाशी-नेरुळपर्यंत सुवार्तासभांचे, म्हणजे ख्रिस्ती प्रचारसभांचे, फ्लेक्स लागतात. त्यातला एखादा जवळ जाऊन पाहावा. दहा बाय सहाच्या फ्लेक्सवर निम्मी जागा सेवकाच्या, म्हणजे प्रवचन देणाऱ्याच्या, फोटोला, हातात माइक, डोळे मिटलेले. त्याखाली कमिटीचे गोल चौकटीतले चेहरे, पदाप्रमाणे लहानमोठे. आणि अगदी तळाशी, संपर्काच्या मोबाइल नंबरांना चिकटून, 'सर्व गौरव प्रभूला'. रस्त्याच्या पलीकडून ही एवढी एकच ओळ वाचता येत नाही.

ती ओळ खोटेपणाने छापलेली असते असे नाही. अडचण अशी की देवाला श्रेय देणारे शब्द उच्चारले म्हणजे गर्व गेला, असे आपण धरून चालतो. लूककृत शुभवर्तमानातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, मंदिरात देवाचे आभारच मानत होता. आपण इतरांसारखे नाही, आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशांश देतो, हे सगळे त्याने आभारातच सांगितले. सहाव्या शतकातल्या थोर ग्रेगरीने ईयोबाच्या पुस्तकावरील भाष्यात गर्वाचे चार प्रकार मांडले. आपल्यातले चांगले आपलेच आहे असे मानणे, हा पहिला. ते देवाने दिले, पण आपली लायकी होती म्हणून दिले, हा दुसरा. नसलेल्या गुणाची बढाई तिसरा, आणि इतरांना तुच्छ लेखून आपणच एकटे गुणी दिसावे ही इच्छा चौथा. पहिला प्रकार मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, चटकन पकडला जातो. 'मी केले' असे व्यासपीठावरून सांगायची सोयच नसते. खरी गडबड दुसऱ्याची आहे. 'प्रभूने मला वापरले' हे वाक्य ऐकायला नम्र, पण पाठोपाठ चाळीस दिवसांच्या उपवासाचा आणि पहाटे तीनच्या प्रार्थनेचा तपशील आला की श्रेय देवाच्या हातून फिरून आपल्याच खिशात येते.

यावर उपाय अगदी साधे आहेत, आणि ते कार्यक्रमाआधी करायचे असतात.

साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले याचे सभेतले कथन, तोंडी देऊ नये, आधी लिहावी. तीन मिनिटांची साक्ष म्हणजे साधारण तीनशे शब्द. लिहून झाल्यावर 'मी', 'मला', 'माझ्या' खाली पेन्सिलने रेघ मारावी आणि जिथे वाक्य त्या शब्दाशिवाय उभे राहते तिथे तो काढून टाकावा. आजारातून बरे झाल्याची साक्ष असेल तर आजाराचे नाव, कोणते उपचार झाले, किती महिने, आता तपासणीत काय दिसते, हे सगळे सांगावे. केमोथेरपीच्या सहा फेऱ्या गाळून 'डॉक्टरांनी हात टेकले होते' एवढेच सांगितले की देवाचा गौरव वाढत नाही. उलट मागच्या बाकावरची एखादी बाई सोमवारपासून रक्तदाबाची गोळी बंद करते. प्रेषित पौल आपला सोबती लूक याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. देवाचे आभार मानायला डॉक्टरला साक्षीतून हाकलावे लागत नाही.

पाहुण्या सेवकाची ओळख दोन वाक्यांत संपावी: नाव, मंडळी, आजचा विषय. 'सामर्थ्यशाली', 'अभिषिक्त', 'देशोदेशी गाजलेले' ही विशेषणे सूत्रसंचालक उधळत असताना पाहुणा मान खाली घालून मंद हसत बसतो, आणि तिथेच पाय घसरतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ मध्ये लोक ओरडले की ही माणसाची नव्हे, देवाची वाणी आहे. भाषण करणारा राजा हेरोद यावर काहीच बोलला नाही. त्याच्यावर ठपका आला तो देवाला गौरव न दिल्याचा. दोनच अध्याय पुढे लुस्त्र शहरात पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांनाही लोक देव म्हणू लागले, तर ते वस्त्रे फाडून गर्दीत धावले. आजच्या सेवकाने वस्त्रे फाडू नयेत, माइक मागून घेतला तरी पुरे.

आकड्यांबाबतही तेच. तीन रात्रींच्या सभेत एकाच कुटुंबाने तिन्ही रात्री प्रभूला स्वीकारल्याचा हात वर केला की अहवालात तीन कुटुंबे होतात. हात मोजू नयेत. नाव आणि पत्ता असलेली चिठ्ठी भरून घ्यावी, तिन्ही रात्रींच्या चिठ्ठ्या नावावारी लावून दुबार नावे वगळावीत, आणि अहवाल सहा महिन्यांनी लिहावा. लढाईआधी सेनानायक गिदोनाची माणसे देवाने बत्तीस हजारांवरून तीनशेवर आणली ती इस्राएलाने फुशारकी मारू नये म्हणून, हे शास्त्यांच्या पुस्तकात स्वच्छ लिहिले आहे. आपण तीनशेंचे बत्तीस हजार करतो.

दानार्पण एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी त्याच दिवशी, मंडळीच्या जागेतच मोजावे. नोटांप्रमाणे चिठ्ठी करून दोघांनी सह्या कराव्यात आणि रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत जावी. 'देवाचे काम आहे, हिशेब देव बघतो' हे उत्तर चालत नाही. मदतीची रक्कम पोचवताना पौलानेही आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी माणसे पाठवली, कुणी दोष लावू नये म्हणून. यश आले तर देवाने केले आणि तोटा झाला तर देवाची इच्छा, असे बोलण्यात देवाला श्रेय कुठेच नसते. फक्त कमिटी सुटते.

आता दुसरी बाजू. श्रेय देवाला म्हणून माणसांची नावेच पुसायची, हीही एक लबाडी आहे, आणि ती बहुतेक वेळा खुर्च्या मांडणाऱ्यांच्या, हार्मोनियमवाल्याच्या आणि भगिनी मंडळाच्या वाट्याला येते. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात तीसहून अधिक माणसांची नावे आहेत. पत्र उतरवून घेणारा तर्तियही स्वतःचा सलाम घालून जातो. आपल्या ठाण्यातच १३२१ साली चार ख्रिस्ती मारले गेले. तिघे फ्रान्सिस्कन संघाचे मिशनरी होते, चौथा दिमित्री हा भाषा जाणणारा सोबती, धर्मगुरू नव्हे. तरी त्याचे नाव त्या तिघांच्या पंक्तीत टिकले. गाण्याचे कौतुक झाले तर 'मी कुठला, सगळे प्रभूचे' असे चारदा म्हणून पाचवे कौतुक काढून घेण्यापेक्षा 'धन्यवाद, तबला यांनी छान धरला' म्हणून गप्प बसावे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून जे उभे केले, त्याला 'देवाचा दरबार' म्हटले. आज नव्या सेवाकार्याच्या पाटीवर पहिला शब्द संस्थापकाचे आडनाव असतो आणि दुसरा 'मिनिस्ट्रीज'.

यंदाच्या फ्लेक्सची फाइल अजून छपाईला गेली नसेल तर एवढे करून पाहावे: फोटो काढून टाकावेत, तारीख, वेळ, पत्ता आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायातली एक ओळ ठेवावी, पालिकेच्या परवानगीचा क्रमांक घालावा. फ्लेक्स आठ बाय चारमध्ये बसतो, पैसेही कमी लागतात.

– मंडळीच्या कामातील काही वाचक, ठाणे (पश्चिम)