पासवर्ड माझ्या वहीत आहेत, साहेब

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म नेमकं कोण भरतं, याबाबत.

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाइन सेंटर आहे. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि एक म्हातारा इन्व्हर्टर. सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड, लग्नपत्रिका, सगळं करतो. पण मे ते ऑगस्ट दुकान चालतं ते पोरांच्या प्रवेशावर. या पत्रात जे मागतो आहे ते मिळालं तर माझा हंगाम बुडेल. हे आधीच सांगून टाकतो, मागून कोणी टोमणा मारायला नको.

माझ्या ड्रॉवरमध्ये दोनशेपानी वही आहे. एकेका ओळीत विद्यार्थ्याचं नाव, अर्ज क्रमांक, मोबाईल नंबर आणि पासवर्ड. पासवर्डही मीच ठेवतो : नावाची पहिली चार अक्षरं, ॲट, एक दोन तीन. पोराला तो माहीत नसतो, त्याच्या बापाला तर नसतोच. फॉर्मच्या शेवटी 'वरील माहिती मी स्वतः वाचून भरली आहे' अशा अर्थाचं इंग्रजी हमीपत्र येतं. त्यावर टिक मी करतो. तालुक्यात माझ्यासारखी कितीतरी दुकानं आहेत आणि प्रत्येकाकडे अशी वही आहे.

पोरं मोबाईलला घाबरत नाहीत, साहेब. रील बनवण्यात ती माझ्याही पुढे आहेत. घाबरतात ती चुकण्याला. फोटो अमुक केबीच्या आत, सही तमुक केबीच्या आत. आडनाव वानखडे, तर आधारवर ते डब्ल्यूनं आणि टीसीवर व्हीनं. सगळी सूचना इंग्रजीत, आणि एकदा कन्फर्म केलं की हात लावता येत नाही. मग पोरगं म्हणतं, "भाऊ, तुमीच भरा. माह्याच्यानं चुकलं तं साल जाईन." मी पन्नास-शंभर रुपये घेतो आणि भरतो. मागे रांग असते. एका फॉर्मला पंधरा मिनिटांच्या वर दिली तर बाकीचे ओरडतात.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण या पत्राचं कारण तीच आहे.

२०२५ मध्ये इंजिनिअरिंगच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांचे नियम बदलले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते ऑटो फ्रीझ, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादं मिळालं तर ऑटो फ्रीझ, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. म्हणजे तीच जागा घ्यायची, पुढच्या फेरीत बसता येत नाही. आमच्या गावातली एक पोरगी, बाप सालदार, मार्क चांगले. तिला यवतमाळचं सरकारी कॉलेज पाहिजे होतं, मावशीकडे राहून शिकता आलं असतं. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमानं यादी, भरताना मी शहाणपणा केला. म्हटलं, वर पुण्याचं एक मोठं नाव टाकून ठेवू, लागणार तर नाहीच, लागलं तर पाहू. तिनं मान हलवली. आधीच्या वर्षांतही मी पोरांना हेच सांगायचो, 'वर मोठं टाका, खाली घरचं टाका'. तेव्हा धकून गेलं.

पहिल्याच फेरीत पुणे लागलं. आधी आम्ही दुकानात पेढे वाटले. संध्याकाळी स्क्रीनवर ऑटो फ्रीझ वाचलं तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच राहिला. फी तिला लागली नसती. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, हा आपल्याच सरकारचा २०२४ चा निर्णय, आणि चांगला निर्णय आहे. पण पुण्यातली खोली माफ होत नाही, मेस माफ होत नाही. तिची माय म्हणाली, "पुन्याले कोन हाय आपलं?" जागा सोडली. पुढच्या फेऱ्यांत नाव नाही. पोरगी आता तालुक्याला बीएस्सी करते आणि दुकानासमोरून एसटी स्टॉपवर जाते. एकदाही मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

नियम माहितीपुस्तिकेत छापलेला होता, मान्य. पुस्तिका इंग्रजीत आहे आणि ती मी तरी कधी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली नव्हती. माझं शिक्षण बीए दुसऱ्या वर्षापर्यंत, साहेब. एका घराचा एवढा मोठा निर्णय माझ्यासारख्याच्या अंदाजावर सुटतो आहे, हेच मला सांगायचं आहे.

ओटीपीचं तर विचारूच नका. तो येतो बापाच्या मोबाईलवर आणि बाप असतो वावरात. तुमच्या प्रवेशाच्या तारखा आणि आमची पेरणी एकाच महिन्यात येतात. रिचार्ज संपला की इनकमिंग बंद, आणि त्या दिवसांत कपाशीचं बियाणं आधी येतं, रिचार्ज नंतर. एका कोलाम पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा, मुलगा आला होता. त्याच्या आधारला नंबर जोडलेला मामाचा, मामा कामाला तेलंगणात, आणि तो नंबर केव्हाच बंद. डिजिलॉकर उघडायला ओटीपी, शिष्यवृत्तीला महाडीबीटीवर ओटीपी. आधारचा नंबर बदलायला तेव्हा माणसाला स्वतः आधार केंद्रावर जाऊन अंगठा द्यावा लागायचा, ते घरून होत नव्हतं. तो दोनदा तालुक्याला गेला. एकदा लाइट नव्हती, एकदा मशीन बंद होतं. तिसऱ्यांदा आला तेव्हा फॉर्मची तारीख निघून गेली होती. त्याला काय सांगावं ते मला सुचलं नाही, मी त्याची झेरॉक्स फुकट काढून दिली. कशाची काढली, ते आता आठवतही नाही.

शाळांच्या बाबतीत सरकारला विदर्भाचं ऊन कळतं. म्हणून आमच्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पण २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला. त्या वेळी इथलं कनिष्ठ महाविद्यालय कुलूपबंद, सर लोक आपापल्या गावी. पोराला विचारायला माणूस नाही, उघडं असतं ते माझं दुकान. आता तर अकरावीही त्याच वाटेनं गेली. पूर्वी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यापुरते असलेले ऑनलाइन प्रवेश २०२५ पासून अख्ख्या राज्याला लागू झाले. ते खातं आपलं नाही, ठाऊक आहे. पण पोरगं तेच आहे आणि दुकानही तेच.

मागणं फार नाही. एक तर निकालाच्या दिवसापासून प्रवेश संपेपर्यंत प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात एक शिक्षक बसवा, आणि त्याला मानधन द्या, नाहीतर तोही पोरांना माझ्याकडेच पाठवेल. त्याच्यासमोर फॉर्म पोरानं भरायचा, शिक्षकानं नुसतं शेजारी बसायचं. दुसरं, ऑप्शन फॉर्म लॉक करण्याआधी स्क्रीनवर मोठ्या मराठी अक्षरात येऊ द्या : 'हे कॉलेज मिळालं तर तुम्हाला दुसरं मिळणार नाही. येथे राहण्या-खाण्याचा खर्च झेपेल का?' एवढी एक ओळ असती तर मी ती पोरीला वाचून दाखवली असती.

आणि कागदांचं. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला हे सरकारच देतं, तेही ऑनलाइन. मी ते सरकारच्या संकेतस्थळावरून उतरवतो, छापतो, स्कॅन करतो आणि सरकारच्याच दुसऱ्या संकेतस्थळावर चढवतो. कागदामागे दहा-वीस रुपये सुटतात, म्हणून मी कधी तक्रार केली नाही. बारकोड प्रत्येक दाखल्यावर आहेच, तो एकदा टाकला की पुढचं सगळीकडे आपोआप व्हायला हवं.

परवा त्या पोरीची माय धाकट्याला घेऊन आली, अकरावीच्या फॉर्मसाठी. मला वाटलं नव्हतं ती पुन्हा या दुकानाची पायरी चढेल. पण दुसरं दुकान तालुक्याला, जायचं भाडंच साठ रुपये. मी विचारलं, पासवर्ड काय ठेवायचा? "तुमीच ठेवा ना भाऊ," ती म्हणाली.

मी कीबोर्ड पोराकडे सरकवला. त्याला ॲटचं चिन्ह सापडेना. मागे सात-आठ जण उभे होते, त्यातला एक तर माझा चुलतभाऊच, तो म्हणाला, आज मुक्काम इथंच का? पोरानं एका बोटानं पासवर्ड टाकला, मला दिसू नये म्हणून स्क्रीनसमोर हात आडवा धरला, आणि मायच्या पिशवीतल्या रेशनकार्डाच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवला. वहीत त्याच्या नावापुढची जागा कोरी आहे.

आपला,
एक ऑनलाइन सेंटरवाला
ता. घाटंजी, जि. यवतमाळ